फुरशाचं वखद आणि खाडीचं पाणी

कालावलच्या खाडीच्या उत्तरेला, सड्याच्या पायथ्याशी घाडीवाडी आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पाऊस सरला की त्यावर गुडघाभर गवत उभं राहतं आणि त्या गवताच्या बुडाशी, दगडांच्या फटींत फुरसं असतं. हा विषारी साप आखूड, मातकट रंगाचा, अंगावर अंग घासून खरखर आवाज करणारा. गवत कापणाऱ्याच्या हाताला नाहीतर पायाला ते चावतं. एकोणीसशे पन्नासच्या सुमाराला असं कोणाला चावलं की लोक त्याला सरळ नर्मदा घाडीच्या खळ्यात, म्हणजे अंगणात आणत.

नर्मदेचा नवरा फत्तेमारीवर खलाशी. पावसाळा सोडला तर तो घरी नसे. त्यामुळे शेत, गुरं आणि सासूकडून आलेलं वखद, म्हणजे औषध, ही तिन्ही तिच्या अंगावर होती. वखद म्हणजे एका वेलीचं मूळ. ते सहाणेवर उगाळायचं, निम्मं पाजायचं, निम्मं चाव्यावर लावायचं. त्याबद्दल घ्यायचा तो फक्त एक नारळ. औषध दिलं की ती नेम सांगायची: येत्या सोमवारपर्यंत जेवण अळणी, आणि खाडी किंवा व्हाळ, कुठलंही वाहतं पाणी ओलांडायचं नाही. ओलांडलं की वखदाचा गुण पाण्यासोबत जातो.

या मुळावर नर्मदेचा पुरा भरवसा होता आणि तो आंधळा नव्हता. तिच्याकडे आलेली बहुतेक माणसं आपल्या पायांनी घरी गेली होती. जी गेली नाहीत, त्यांचं कारण तिला माहीत असे. एकाने चोरून सुका बांगडा खाल्ला होता. एक बाई माहेरच्या ओढीने व्हाळापलीकडे गेली होती. एकाला त्याच्या भावानेच गाडीत घालून पुलावरून नेलं होतं. प्रत्येक मरणाला मोडलेला एक नेम सापडत होता, आणि नेम मोडलेला असला की मुळावर बोट ठेवायला जागा उरत नव्हती.

एकोणीसशे चौसष्टच्या दसऱ्यानंतर मालवणचे वर्दे डॉक्टर तिच्या खळ्यात आले. कोणाला तरी तपासायला ते खाडी ओलांडून आले होते, तिथून मुद्दाम वाट वाकडी करून आले. नर्मदेने त्यांना बसायला पाट दिला, पुढे गूळपाणी ठेवलं.

"तुमचं औषध बंद करा, असं सांगायला मी आलेलो नाही," डॉक्टर म्हणाले.

"सांगितलात तरी मी खंय ऐकतंय?" नर्मदा म्हणाली.

डॉक्टर हसले. मग त्यांनी आपलं दुखणं सांगितलं. फुरसं चावलेली माणसं त्यांच्या दवाखान्यात येत ती फार उशिरा. हिरड्यांतून रक्त, लघवीतून रक्त, जुन्या जखमांतून रक्त. तोवर सापाच्या विषावरची लस देऊनही माणूस हाताला लागेलच असं नसे.

"सूज तर उतरलेली असते," डॉक्टर म्हणाले. "माणूस बोलतो, चालतो. घरच्यांना वाटतं, विष उतरलं. पण नाग चावला तर माणसाचा श्वास बंद पडतो, तसं फुरशाचं नाही. फुरसं रक्त बिघडवतं."

"बिघडवता म्हणजे काय करता?"

डॉक्टरांनी तिच्या चुलीकडे पाहिलं. "दुधाचं दही लागतं, तसं जखमेत रक्त गोठतं. त्यासाठी रक्तात लागणारं सामान असतं, आणि ते एरवी झोपलेलं असतं. फुरशाच्या विषात एक विकर असतं. विकर म्हणजे विरजणासारखा पदार्थ, थोडासा असला तरी पुष्कळ काम करणारा. ते या सामानाला अंगातल्या अंगात जागं करतं. सगळ्या शरीरभर रक्त कणाकणाने गोठत राहतं, आणि शरीर त्या गुठळ्या विरघळवत राहतं. असं करता करता सामान संपतं. मग साधं खरचटलं तरी रक्त थांबत नाही, कारण गोठायला काही उरलेलंच नसतं."

नर्मदा ऐकून घेत होती. विरजण तिला कळत होतं.

डॉक्टरांनी पिशवीतून काचेच्या बारीक बाटल्या काढल्या. चावलेल्या माणसाच्या बोटाला टोचून थोडं रक्त एका बाटलीत घ्यायचं. शेजारी दुसऱ्या बाटलीत धडधाकट माणसाचं. चुलीवर तपेली चढवायची आणि आधण येईपर्यंत बाटल्यांना हात लावायचा नाही. मग दोन्ही आडव्या करायच्या. रक्त बुडाला चिकटून राहिलं तर ठीक. वाहिलं तर माणूस लगेच पलीकडे पाठवायचा. बाटली कोरी हवी, साबणाने धुतलेली नको.

"म्हणजे माझ्या मुळाची परीक्षा?"

"बहुतेक माणसं औषधाशिवायही जगतात, नर्मदाबाई. कधी फुरसं विष पुरतं सोडतच नाही. कोण तुमच्या मुळाने जगला आणि कोण तसाच, हे तुम्हाला कळत नाही आणि मलाही. बाटली निदान एवढं सांगेल की धोका कोणाला आहे."

नर्मदेने बाटल्या पदरात घेतल्या. "ठेवून जावा. माझ्या मुळाक साक्षीदार गावलो."

त्या हंगामात तिने वखद देऊन झाल्यावर ज्यांचं ज्यांचं रक्त बाटलीत धरलं, त्या सगळ्यांचं गोठलं. बाटली उलटी करून ती बघ्यांना दाखवायची. वाडीत बोलणं झालं की नर्मदेच्या मुळाला आता मालवणच्या डॉक्टरचाही शिक्का बसला. तिनेही ते खोडून काढलं नाही.

पुढच्या वर्षी गवत कापणी सुरू झाली आणि महादूला फुरसं चावलं. महादू तिचा धाकटा दीर, शेजारच्याच घरात राहणारा. नवरा समुद्रावर असताना तिचं शेत नांगरणारा हाच. गवताची पेंडी बांधताना उजव्या हाताला चावलं. सड्यावरून तो स्वतः चालत आला, पायरीवर बसला आणि म्हणाला, "वयनी, उगाळ तुझा मूळ. माका संध्याकाळी गुरां बांधूची आसत."

नर्मदेने उगाळलं, पाजलं, लावलं. त्याची बायको सुगंधा धावत आली. नर्मदेने तिला स्वयंपाकात मीठ घालू दिलं नाही. महादू दुपारपर्यंत तिच्या डोळ्यांसमोर, तिच्याच पायरीवर होता. हात कोपरापर्यंत सुजला, पण तो थट्टा करत होता. दुपार कलली तेव्हा तो थुंकला आणि थुंकी तांबडी होती.

"पान खाल्लंस?" नर्मदेने विचारलं.

"वखदावर पान देतंस काय तू?"

तिने बाटल्या काढल्या. त्याचं बोट टोचलं, मग आपलं. दोन बाटल्या उंबऱ्यावर उभ्या केल्या आणि तपेली चुलीवर चढवली. सुगंधा शेजारी बसून होती. महादूच्या टोचलेल्या बोटातून रक्त झिरपतच होतं. सुगंधाने चिंधी बदलली, तीही भिजली. पाण्याला आधण आलं. नर्मदेने आपली बाटली आडवी केली. रक्त बुडाशी खरवसासारखं घट्ट बसलं होतं. महादूची आडवी केली. रक्त काचेवरून तोंडापर्यंत पाण्यासारखं आलं.

तिने ती पुन्हा उभी केली, पुन्हा आडवी केली. तेच.

नर्मदेने नेम आठवून पाहिला. मीठ नाही. पाणी ओलांडलं नाही. तो तिच्या नजरेआड एकदाही गेला नव्हता. या वेळी ज्याच्यावर बोट ठेवता येईल असं मुळाशिवाय दुसरं काही नव्हतं.

"सुगंधा, तेका उठव. मालवणाक जाऊचा आसा."

सुगंधा जागची उठलीच नाही. "वखद पोटात आसताना? खाडयेपलीकडे? वयनी, तूच सांगतंस सगळ्यांक, आणि आता तूच मारतंस तेका?"

"हय ठेवलंय तर मरतलो. ह्या बघ." नर्मदेने दोन्ही बाटल्या तिच्या हातात दिल्या. "एक माझी, एक तेची. तूच आडवी कर."

सुगंधाने केल्या. मग महादूच्या बगलेत हात घातला.

तरीवर, म्हणजे खाडी ओलांडायच्या धक्क्यावर, धोंडू तारी होडी घेऊन बसला होता. महादूचा हात आणि त्यावरचा मुळाचा लेप पाहिल्यावर तो वल्हं टाकून उभा राहिला.

"वयनी, ह्या माझ्याकडना जमाचा नाय. मधेच काय झाला तर उद्या लोक म्हणतले, धोंडूच्या होडयेन घात केलो."

"लोकांक सांग, नर्मदेन केलो."

"गुण जायत गो तुझो! परत कोणाक लागूचो नाय."

"नेम माझ्या घराचो आसा, धोंडू. माझ्या घरान केलो, माझा घर मोडता. तुझ्या बापाशीन घालून दिल्लो नाय. वल्हा उचल."

धोंडूने उचललं. नर्मदा स्वतः होडीत महादूच्या शेजारी बसली आणि चिंधी बोटावर दाबून धरली. पलीकडून माल भरलेली बैलगाडी मालवणला निघाली होती, तिच्यात जागा झाली.

वर्दे डॉक्टरांनी महादूला पाहिलं, बाटल्यांबद्दल ऐकलं आणि मुंबईहून आलेली लस पाण्यात विरघळवून शिरेतून दिली. महादूला थंडी भरली, अंगावर गांधी उठल्या, डॉक्टरांनी त्यावर आणखी इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त पुन्हा बाटलीत घेतलं. ते गोठलं. महादूने पहिली गोष्ट विचारली ती गुरांची.

परतण्याआधी नर्मदेने डॉक्टरांना विचारलं, "माझा मूळ काय करता मग?"

"अपाय करत नाही, एवढं मी म्हणू शकतो," डॉक्टर म्हणाले. "वेळ मात्र खातं."

"बाटलीत रक्त व्हावताना दिसल्याशिवाय लस देऊची नाय?"

"रक्त बिघडलं तरच. पण बिघडायला कधी अर्धा दिवस लागतो. माणूस आधीच इथे असला तर बरं."

नर्मदा वाटभर त्याचा विचार करत आली. मूळ देणं सोडलं, तर चावलेला माणूस दवाखान्यात जाणार नाही. दुसऱ्या वाडीतल्या दुसऱ्या कोणाकडे जाईल. मूळ घरी दिलं, तर खाडी ओलांडणार नाही.

पुढच्या हंगामात रुक्मिणी नावाच्या बाईला तिच्या मुलांनी झोळीत घालून आणलं. पायाला फुरसं चावलं होतं. त्यांनी झोळी खळ्यात टेकली, पण नर्मदेने ती परत उचलायला लावली. सहाण आणि मूळ घेऊन ती तरीकडे निघाली.

"हय नाय?" थोरल्या मुलाने विचारलं. "तुमच्या सासूचो नेम तर पाणी ओलांडूचा नाय असो होतो."

"तो जुनो नेम. आता वखद पाण्यावरच लागता. होडयेत उगाळूचा, मधल्या पाण्यात पाजूचा, आणि पलीकडल्या डॉक्टरान बघितल्याशिवाय परत येवचा नाय. परत इलास तर गुण जाता."

मुलगा तिच्यामागून चालू लागला. नर्मदेच्या घरचा नेम होता आणि तो नर्मदाच सांगत होती. महादू पेंड्या बांधताना साऱ्या वाडीला दिसत होता.

रुक्मिणीला होडीत आडवं केलं. मधल्या पाण्यात नर्मदेने मूळ उगाळायला घेतलं. धोंडू वल्हवत तिच्याकडे बघत होता.

"वयनी, आज सहाणेवर दोनच फेरे मारलंस? पूर्वी किती उगाळूचंस."

"लांब मार वल्हा," नर्मदा म्हणाली. "उगाळूचा आसा तितक्या मी उगाळतंय."