साडभाऊ आणि गाडीतली थंड हवा

यवतमाळ जिल्ह्यात मोटारीच्या हीटरचा ध्यास घेतलेला एकच माणूस असेल, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला. जिथे मे महिन्यात दाराची कडी हाताला चटका देते, तिथे गाडीत गरम हवा सोडायचं बटण असतं हेच पुष्कळांच्या गावी नसतं. साडभाऊंनी मात्र ऐन डिसेंबरात त्या बटणाची चौकशी लावली. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत त्यांची सारी हयात गेली. कचेरी सुटली, चौकशी सुटली नाही. घरात काही बिघडलं तर दुरुस्तीला त्यांची हरकत नसते, पण ते का बिघडलं हे आधी कळलं पाहिजे. "इलाज मंग. पह्यले कारण," हे त्यांचं वाक्य आम्हा नातेवाइकांना तोंडपाठ आहे. एकदा आम्ही गेलो असताना चहा नासला. दुसरा कोणी असता तर त्यानं नवा चहा टाकायला सांगितलं असतं. साडभाऊंनी पातेलं हुंगलं, साखर चाखली, मग दूधवाल्याला फोन लावून त्याच्या म्हशीची उलटतपासणी घेतली. ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, तेवढ्यात आम्हाला बिनदुधाचा चहा देऊन मोकळी झाली. पुतण्याच्या लग्नात पंगत बसली आणि जनरेटर बंद पडला, तेव्हाही धावत सुटलेल्या पोरांना अडवून ते म्हणाले, "थांबा, कोणी हात लावू नका." जनरेटरचा जणू खूनच झाला होता. वऱ्हाड अंधारात वरणभात चाचपत जेवलं.

हीटरच्या मागे मात्र ते हौसेनं लागले नव्हते. ताईची बोटं थंडीत आखडतात. पनवेलला दिलेली मुलगी दरवर्षी म्हणते, आई, इकडे थंडी नाही, हिवाळाभर ये. ताई दरवर्षी एकच सबब पुढे करायची: दर संकष्टीला पहाटे कळंबला जाऊन चिंतामणीचं दर्शन घ्यायचं, हा तिचा लग्नापासूनचा नेम. पण यंदा मार्गशीर्षात गाडीतून उतरल्यावर तिला दुर्वांची जुडी सोडता येईना. दोरा तसाच, डोळ्यांत पाणी. त्याच दिवशी तिनं मुलीला "येते" म्हणून कळवलं. साडभाऊ तिला जाऊ नको म्हणाले नाहीत; असलं काही तोंडानं बोलणं त्यांना जन्मात जमलेलं नाही. त्यांनी मला बोलावलं, गाडीचं बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "हीटर थंडी हवा फेकून राह्यला. गाडी गरम झाली का मंग ते पनवेलले कायले जाते?"

मग जे सुरू झालं ते गल्लीनं आठवडाभर पाहिलं. आधी रेडिएटरमधलं पाणी पाहिलं, ते काठोकाठ होतं. पाइपात हवा अडकली असेल म्हणून गाडी चढावर नाक वर करून उभी केली आणि झाकण उघडून स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसले. येणारा जाणारा विचारायचा, "काहून हो, गाडी आजारी हाये का?" साडभाऊ शांतपणे सांगायचे, "तपासणी चालू हाये." हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप त्यांनी डॉक्टरसारखे धरून पाहिले, दोन्ही कोमट. बटणाची तार ओढून पाहिली, ती बरोबर. शेवटी घरातला तापमापक गरम हवेच्या झडपेत खोचला. पारा जागचा हलला नाही. "ताप नाही," ते म्हणाले, आणि एवढं गंभीरपणे म्हणाले की मला हसूही आलं नाही.

शेवटी आम्ही गाडी बाभुळगावच्या रस्त्यानं दामटली. इंजिन तापवून बघायचं होतं. परतीला लागलो तरी उष्णतेचा काटा तळाशीच निजलेला. एरवी साडभाऊ हा काटा पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचे: "पाहा, उन्हाळ्यातबी गाडी तापत नाही आपली." आज तो पाहताच त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"मीच काहाडलं," ते म्हणाले.

मे महिन्यात आर्णीला लग्नाला जाताना ही गाडी उकळली होती, आणि ताई भर दुपारी पदर डोक्यावर घेऊन रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसली होती. तिचा तो लाल झालेला चेहरा साडभाऊंना सोसला नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मिस्त्रीला सांगून इंजिनातला थर्मोस्टॅट काढून टाकला. आपल्याकडे पुष्कळ गाड्यांतून तो काढतात. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी ती झडप. ती गेली की गाडी उन्हाळ्यात थंड राहते, आणि मग हिवाळ्यातही थंडच. उन्हातून वाचवायला केलेला इलाजच ताईच्या बोटांना बाधला होता.

थर्मोस्टॅट परत बसला. पौषातल्या संकष्टीला मी आणि माझी बायकोही बरोबर होतो. यवतमाळ मागे पडलं तशी गाडीतली हवा गरम झाली, इतकी की मी स्वेटर काढला. ताईनं दोन्ही हात गरम हवेच्या झडपेपुढे धरले आणि कळंबला दुर्वांची जुडी स्वतः सोडली. साडभाऊ देवाकडे कमी आणि तिच्या बोटांकडेच जास्त पाहत होते. परत येताना ती हळूच म्हणाली, "गाडी झाली हो गरम. पण घरात पहाटे फरशीवर पाय ठेवला का जीव जाते माहा." साडभाऊंनी मान डोलावली. कारण पटण्याजोगं होतं, आणि पटलेल्या कारणापुढे त्यांचं काही चालत नाही. त्याच आठवड्यात ती पनवेलला गेली.

माघात तिचा नेम चालवायला साडभाऊ निघाले, सोबतीला मी. पुढचं दार उघडलं तर म्हणाले, "तुम्ही मांगं बसा." मागे बसलो. रस्ताभर गरम हवा पुढच्या रिकाम्या सीटवर पडत होती आणि मी कुडकुडत होतो. शेवटी म्हटलं, "साडभाऊ, तिथं कोणी नाही, थोडी मागं वळवा."

"राहू द्या," ते म्हणाले. "ते आली का मंग पुन्हा वळवा लागते."

ताई होळीनंतर येणार होती. मी शाल कानावर ओढून घेतली. त्या माणसाकडे पाठीमागून पाहताना मला फार भरून आलं होतं.