हात न लावलेले मशीन

आमच्या भागातल्या इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीच्या दुकानावर पाटी नाही. पूर्वी होती. ती वाऱ्याने पडली, तेव्हा मालकांनी तिचा उपयोग आतला ओला कोपरा झाकायला केला. तरी दुकान सापडले नाही असे कोणाचे झालेले नाही. ‘बरणीवाले कुठे बसतात’ एवढे विचारले की कोणीही बोट दाखवते.

दुकानाच्या तीन भिंतींना फळ्या, फळ्यांवर काचेच्या बरण्या आणि बरण्यांत मेलेले पार्ट. मिक्सर, टीव्ही, वॉशिंग मशीन, जे काही उघडतील त्यातून निघालेला निकामी भाग ते फेकत नाहीत. त्याला पांढरा दोरा बांधतात, दोऱ्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहितात: वस्तू कोणती, कोणाची, कधी घेतली, कधी बंद पडली, कशाने. ‘कशाने’च्या पुढे कधीकधी ‘कळले नाही’ असेही असते. मला या माणसाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला तो त्या दोन शब्दांमुळे. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी ते एकाही फायलीवर पाहिलेले नाहीत.

दुकानामागच्या दोन खोल्यांत त्यांचे घर. त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणतो. त्या एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, “स्वयंपाकघरात मिठाला बरणी मिळेना, आणि इथे मेलेल्यांना चाळीस. मी गेले की मलाही दोरा बांधून ठेवतील.”

“आणि कशाने, ते काय लिहू?” बरणीवाल्यांनी मान वर न करता विचारले.

“लिहा, कळलं नाही.”

गेल्या वर्षी माझ्या ताईचे वॉशिंग मशीन बंद पडले. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. भावोजी तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले आहेत, अर्धे अंग गेलेले आणि बोलणे चार-दोन शब्दांवर आलेले. रोज दोन चादरी निघतात, कधी तीन. ताईच्या मनगटांत संधिवात आहे. चादर पिळली की तिची बोटे दिवसभर मिटत नाहीत. मशीन घरी आले त्या दिवशी ती मला हळूच म्हणाली होती, “आता मी यांच्यावर चिडणार नाही.” पुन्हा तिने तो विषय कधी काढला नाही, पण मीही विसरलो नाही.

मशीन चौदाव्या महिन्यात बंद पडले आणि वॉरंटी बारा महिन्यांची होती. बिल, वॉरंटी कार्ड, खोक्यावरचा नंबर, सगळे माझ्या फायलीत तारखेनुसार लावलेले होते. मी कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीने फार गोड आवाजात सांगितले की मुदत संपली आहे, बोर्ड बदलावा लागेल. तिने सांगितलेल्या किमतीत अर्धे मशीन आले असते. मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. मुदतीनंतर आलेले अर्ज परत पाठवणे हीच माझी नोकरी. तेच वाक्य माझ्याकडे उलटून आले तेव्हा वाद घालायचा असतो हे मला सुचलेदेखील नाही.

ताई म्हणाली, “बरणीवाल्यांना बोलाव.”

ते आले. मशीन चालू करून, कान लावून त्यांनी तीनदा ऐकले. मागच्या झाकणाकडे हात नेला आणि मागे घेतला.

“हे कोणी उघडलंय?”

“कोणी नाही.”

“नक्की?”

“सील बघा की,” ताई म्हणाली.

त्यांनी वाकून सील पाहिले, आणि खूप दिवसांनी घरचे माणूस भेटावे तसा त्यांचा चेहरा खुलला.

“दुरुस्त होईल ना?”

“तासाभरात होईल.”

“मग करा.”

“नाही करणार.”

ताईने माझ्याकडे असे पाहिले, जणू हा माणूस मी शोधून आणला होता.

“ताई, ऐकून घ्या,” ते म्हणाले. “या मॉडेलची, बाहेरचं काही कारण नसताना गेलेली सहा मशीन मी उघडली. सहाही तेराव्या ते सोळाव्या महिन्यात गेली. आतल्या बोर्डवर रिले म्हणून एक काळा भाग असतो, अर्ध्या आगपेटीएवढा. मोटारीला वीज तो सोडतो. यांनी तो कमी ताकदीचा घातलाय. रोज तापतो, वर्षभर तग धरतो, मग त्याचा पाय जळतो. हा दोष तुमच्या वापराने आलेला नाही, कारखान्यातूनच आलाय. वॉरंटी संपली म्हणून तो त्यांचा नाही असं होत नाही.”

“मग त्या सहा जणांनी काय केलं?”

“काय करणार? मी रिले बदलून दिला, त्यांनी माझे पैसे दिले. कंपनीकडे गेले असते तर ऐकावं लागलं असतं, बाहेरच्या माणसाने उघडून बिघडवलं. माझ्याकडे नुसती बरणी आहे. हात न लावलेलं मशीन हे पहिलंच.”

“म्हणजे माझं मशीन तुमचा साक्षीदार,” ताई म्हणाली. “आणि यांच्या चादरी? त्या काय तुमची बरणी धुणार?”

त्यांनी कोपऱ्यातल्या चादरींच्या ढिगाकडे पाहिले. मग म्हणाले, “मी नेतो.”

“काय नेता?”

“चादरी. रोज सकाळी. आमच्या मागच्या खोलीत एक मशीन आहे. तक्रार केली की पंधरा दिवसांचा तर प्रश्न.”

ताई ‘नको’ म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून भावोजींचा आवाज आला. “दे.”

ते पंधरा दिवस नऊ आठवडे चालले.

मी ग्राहक मंचाकडे तक्रार लिहिली, बिलाची प्रत जोडली. बरणीवाल्यांनी तपासणीची चिठ्ठी दिली. ती वाचून ताई भडकली, कारण तिच्यात एक ओळ अशी होती: ‘मशीन न्हाणीघराच्या भिंतीशी, ओलसर फरशीवर ठेवलेले आहे. ते योग्य नाही. परंतु बिघाडाचे कारण ते नव्हे.’

“माझीच चहाडी?”

“आहे ते लिहिलं.”

“कोणी विचारलं होतं?”

“कोणी विचारायच्या आत लिहिलेलं बरं असतं.”

पण रोज आठच्या ठोक्याला ते स्कूटरवरून यायचे, गाठोडे न्यायचे आणि संध्याकाळी घड्या घातलेल्या चादरी आणून द्यायचे. त्यांचे मशीन अठरा वर्षांचे, चार कंपन्यांच्या पार्टांवर चालणारे. वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे ते सुरू केले की शेजारचे घड्याळ लावतात. येता-जाता ते भावोजींपाशी पाच मिनिटे बसायचे. काय बोलायचे देव जाणे, दोघेही न बोलणारे.

ताईला मात्र परक्या घरी तसल्या चादरी पाठवायची लाज वाटे. ती पहाटे उठून त्या आधी हाताने खळबळून, पिळून द्यायला लागली. आठवड्याभराने बरणीवाले दारात उभे राहिले आणि घसा साफ करून म्हणाले, “हिने निरोप दिलाय. जसाच्या तसा सांगायचा म्हणालीय.”

“सांगा.”

“म्हणाली, गाठोडं ओलं आणि जड येतं. त्यांना धुवायचंच असेल तर माझ्याकडे पाठवतात कशाला? माझ्या सासऱ्यांचं मी सहा वर्षं केलंय. मला चादर बघून घाबरायला होत नाही.”

दुसऱ्या दिवशीपासून गाठोडे कोरडे गेले.

सुनावणी एका अरुंद खोलीत झाली. टेबलामागे अध्यक्ष बाई, समोर कंपनीचा तरुण प्रतिनिधी, टाय लावलेला, अतिशय नम्र. तो म्हणाला, “वॉरंटी बारा महिन्यांची, मशीन चौदाव्या महिन्यात बंद. आमचं म्हणणं एवढंच.”

अध्यक्ष बाई म्हणाल्या, “मुदतीत बिघडलं असतं तर तुम्हालाच निस्तरावं लागलं असतं. आता दोष मुळातला होता हे त्यांनी दाखवायचंय. फरक तेवढाच.” मग आमच्याकडे वळून, “दाखवा.”

बरणीवाल्यांनी पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली.

“हे काय, औषध आहे का?”

“रिले आहेत बाई. नऊ.” त्यांनी नऊही दोऱ्यांसकट मांडले आणि आधी तीन बाजूला सरकवले. “हे कंपनीच्या माथी नाहीत. यात मुंग्या गेल्या होत्या. याच्यावर पाणी सांडलं होतं. आणि हा माझ्या हातून जळला.”

“तुमच्या?”

“चुकीची तार लावली. चिठ्ठीवर आहे.”

अध्यक्ष बाईंनी चष्मा लावून ती चिठ्ठी वाचली, मग उरलेल्या सहाही वाचल्या. त्यानंतर ताईच्या घरची ओल्या फरशीची ओळ वाचली, आणि ताईकडे पाहून किंचित हसल्या. ताईने मान खाली घातली. कंपनीच्या इंजिनिअरने दोन्ही बाजूंसमोर मशीन उघडावे, असा आदेश झाला.

इंजिनिअर आला त्या दिवशी बरणीवाले दोन्ही हात पाठीमागे बांधून, मशीनपासून चार पावलांवर उभे राहिले. इंजिनिअरने सीलचा फोटो घेतला आणि पहिला स्क्रू काढला.

“डावीकडून दुसरा पाय असेल,” बरणीवाले म्हणाले.

“काका, अजून झाकण निघायचंय.”

“हो. आधी सांगून ठेवलं.”

झाकण निघाले, बोर्ड बाहेर आला. इंजिनिअरने तो उजेडात धरला, उलटा केला आणि बराच वेळ पाहत राहिला. ताई पदर मुठीत धरून उभी होती. माझी फाइल उघडी होती, पण तिच्यात आता काही बघण्यासारखे नव्हते.

“डावीकडून दुसरा,” इंजिनिअर शेवटी म्हणाला आणि अहवालात तसे लिहिले.

पुढच्या तारखेला कंपनीने वाद घातला नाही. सुधारलेला बोर्ड फुकट बसवून द्यायचा, त्यावर नवी हमी द्यायची, आणि याच दोषाची तक्रार आणणाऱ्या बाकीच्यांच्या दुरुस्तीचा खर्च भरून द्यायचा, हे त्यांनी लेखी कबूल केले. त्या सहा जणांची पत्रे मी चिठ्ठ्या समोर ठेवून लिहिली. दोघे घर बदलून गेले होते. त्यांचे पत्ते वहिनींनी शोधले.

नवा बोर्ड बसला तेव्हा बरणीवाल्यांनी जुन्याकडे पाहत विचारले, “रिले तेवढा ठेवता येईल का?”

“नाही काका, जुना माल जमा करावा लागतो.”

“बरोबर आहे,” ते म्हणाले. पण चेहरा पडला.

दुसऱ्या दिवशी मी ताईकडेच होतो. आठ वाजले आणि स्कूटर थांबल्याचा आवाज आला. ताई दारात गेली.

“अहो, आज गाठोडं नाही.”

“माहीत आहे. आवाज ऐकायला आलो.”

ते आत जाऊन भावोजींच्या पलंगापाशी नेहमीच्या स्टुलावर बसले. मशीन ताईने आता कोरड्या भिंतीशी ठेवले होते. ते भरले, घुमले, थांबले, पुन्हा घुमले. दोघे पुरुष एक शब्द न बोलता कपडे पिळून होईपर्यंत ऐकत राहिले. मग बरणीवाले उठले.

“उद्या साडेसातलाच लावणार आहे,” ताई चहाचा कप त्यांच्या हातात देत म्हणाली. “उशीर केलात तर चुकेल.”