शांताआत्याच्या नावापुढे काय लिहायचं?

मागच्या सोमवारी बालाघाटच्या तहसीलबाहेर बाकड्यावर बसून मी माझ्या सख्ख्या आत्याला मारणार होते... कागदावर.

झालं असं की राजेगावजवळची आमची शेती अजून आजोबांच्याच नावावर आहे. ती बाबा आणि काकांच्या नावावर चढवायची तर वंशावळ द्यावी लागते, एकूण एक वारस लिहून. घरात वंशावळीचं वेड मलाच, त्यामुळे काम माझ्याच गळ्यात पडलं.

सगळी नावं जुळली, अडलं फक्त शांताआत्याचं. बाबांची मोठी बहीण. लग्न होऊन उकव्याला गेली, नवरा मँगनीजच्या खाणीत होता, तो लवकर वारला... आणि पुढे तिचं काय झालं हे कोणालाच माहीत नाही. काका म्हणाले, लिही 'निःसंतान मृत' आणि मोकळी हो, गुरुवारी तहसीलदारापुढे पेशी आहे. वकिलाने शपथपत्र टाइप करूनही ठेवलं होतं.

मी पेन काढला. खोटं कशाला बोलू, मलाही वीट आला होता. दोन महिने मतदार याद्या चाळल्या होत्या, हाती भोपळा. पण बाबांनी कागद माझ्या हातातून ओढूनच घेतला.

"म्या तिले मेलेली पाह्यली नाई," ते म्हणाले. "सही होनार नाई."

काका भडकले. मी त्यांच्याहून भडकले, कारण हातात उरले होते दोन दिवस आणि बाबा आयुष्यात पहिल्यांदा बहिणीबद्दल तोंड उघडत होते. आत्ता आठवण आली का, असं फटकन विचारलंही मी.

मंगळवारी सकाळच्या बसने दोघं उकव्याला. खाणीच्या जुन्या क्वार्टरमध्ये आता भलतेच लोक राहतात. ज्याला विचारावं तो म्हणे, हमको नहीं पता... शेवटी एका म्हाताऱ्या चहावाल्याला आत्याचा नवरा आठवला. त्याचा धाकटा भाऊ बैहरला राहतो, एवढंच तो सांगू शकला.

पुन्हा बस, बैहर. विचारत विचारत घर सापडलं. आत्याचे दीर ओट्यावरच बसले होते, पण आम्ही कुठून आलो हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा पार बदलला. भाभी कधीच वारली म्हणाले. कुठे, केव्हा, काही आठवत नाही.

झालं, संपलं. मी मनातल्या मनात सही करूनसुद्धा टाकली.

तेवढ्यात त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं. घोट घेता घेता गिलासावर नजर गेली. लग्नात द्यायच्या भांड्यांवर नाव कोरून देतात ना, तसं ठिपक्याठिपक्यांत कोरलं होतं... त्यांच्या मुलाच्या लग्नानिमित्त, 'बड़ी माँ शांता की ओर से, रामपायली'. खाली तारीख. तीन वर्षांपूर्वीची!

त्या घरात बडी माँ म्हणजे मोठ्या भावाची बायको. म्हणजे माझी आत्याच. कधीच वारलेली बाई तीन वर्षांपूर्वी लग्नात आहेर करून गेली होती.

एरवी मी त्या दिरांना तिथेच धारेवर धरलं असतं... पण का कोण जाणे, गिलास बाबांच्या हातात दिला.

बाबांनी दोनदा वाचलं. मग खाली बघत म्हणाले, "ती आलती आमच्या घरी. दार म्याच लावलं होतं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नवरा गेल्यावर सासरच्यांनीच तिचं दुसरं लग्न ठरवलं, आणि ती हे सांगायला माहेरी आली. गाव कुठलं हे सांगायच्या आतच आजोबा म्हणाले, पाट लावणारी पोरगी माझी नाही, दार लावा. बाबा तेव्हा पंधरा वर्षांचे. आजी आत रडत होती.

इतकी वर्षं हे आमच्याच घरात होतं आणि मी बावळटासारखी मतदार याद्या चाळत होते. राग आला बाबांचा, खूप आला. पण ते तो गिलास खाली ठेवायलाच तयार नव्हते, मग काय बोलणार...

दिरांची बायको दाराशी उभी होती. "बाईनंच सांगतलं हाये, माहेरचं कोनी आलं त मेली म्हना," ती म्हणाली. "पन तुमी जा."

बुधवारी गिलासावरच्या त्या गावी, रामपायलीला. रस्ताभर मला सारखं वाटत होतं, तिने हाकलून दिलं तर? आणि दिलं असतं तरी चुकलं काय असतं?

ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती. बाबा फाटकाशीच थांबले, पाऊल आत टाकवेना. तिने निरखून पाहिलं, ओळखलं, पण ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मग विचारलं, "माय कवा गेली?"

मीच सांगितलं, बावीस वर्षं झाली.

ती सूप बाजूला ठेवून उठली आणि हापशीखाली जाऊन बसली. आईबाप गेल्याचं कितीही उशिरा कळलं तरी लेक डोक्यावरून पाणी घेते... बाबा धावत गेले आणि हापशी मारायला लागले. सत्तरीचा माणूस, रडत होता आणि हापशी मारत होता, थांबेचना. ती लुगड्यासकट चिंब झाली.

"बस झालं गा," ती म्हणाली, "थकशीन."

गुरुवारी पेशीला आत्या स्वतः आली. काकांनी मुकाट्याने तिचे पाय धरले. वंशावळीत तिचं नाव लागलं, पुढे तिच्या दोन मुलांचीही.

एक गोष्ट मात्र खुपते. ज्यांचा स्वतःचा मुलगा गेला होता, त्या घराने तिला दुसऱ्यांदा उभं केलं, लेकीसारखं येऊ-जाऊ दिलं, तिचा शब्दही पाळला. आमच्या वंशावळीत त्यांना लिहायला जागाच नाही... म्हणून इथे लिहितेय. बैहरच्या त्या घराला माझा नमस्कार.