पायदान नोय थे!

आमच्या घरी जीप होती म्हटलं की लोकांना वाटतं, मोठी माणसं असतील. कसली मोठी! लष्कराच्या लिलावातली जुनी जीप आमच्या ह्यांनी घेतली, देवळीच्या मिस्त्र्याकडून तिच्यावर पत्र्याची बॉडी चढवली, दारं बसवली, आणि झाली सुरू. सुरू म्हणजे ढकलल्यावर. गाव आमचं देवळीपासून आत, मध्ये नाला, नाल्यावर पूल नाही, नुसते काळे दगड. आणीबाणी उठल्यानंतरची ही वर्षं.

त्या नाल्यातच सासूबाईंचा घात झाला. पोटात कळ उठली म्हणून त्यांना पुढच्या सीटवर बसवून आम्ही वर्ध्याला दवाखान्यात निघालो होतो. जीप घसरली आणि डाव्या कुशीनं एका दगडावर बसली. दाराखालचा पत्रा वर दुमडला, दार गच्च अडकलं. ह्यांच्या बाजूनं ओढून काढावं तर मध्ये गिअरचा दांडा, आणि त्या दुखण्यानं अशा वाकड्या झालेल्या की अंगाला हात लावू देईनात. "दार उघड न रे बाप्पा," एवढंच म्हणत होत्या. शेवटी गावातून पहार आणून दार उचकटलं, बैलगाडीत घातलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. हे 'जरा' ह्यांच्या छातीत रुतलं ते रुतलंच.

तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी हे जीपखाली जाऊन पडले. मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. बाहेर आले ते माझ्या चुलीजवळच्या तुराट्या घेऊन गेले, दाराखाली आडव्या धरून सुतळीनं बांधायला लागले.

"अजी, सयपाकाले काय आता माही हाडं जाळू?" मी ओरडले.

"जीप दगडावर बसन त बसन," ते जीपखालूनच बोलले, "पण पत्र्यावर नाई बसली पाह्यजे. घसरून पुढं गेली पाह्यजे. दार उघडलं पाह्यजे."

मग त्या दिवशी शेजारणीकडून गवऱ्या आणून भाकरी केल्या.

तुराट्यांचं माप ठरलं तसा विहिरीच्या पंपाचा जुना जाड पाइप त्यांनी देवळीला वेल्डिंगवाल्याकडे नेला. दोन्ही दारांखाली एकेक पाइप, दारापेक्षा थोडा बाहेर आलेला, टोकं वर वळवून बंद केलेली, म्हणजे दगडात अडकायला नको. पहिल्यांदा तो पाइप बॉडीच्या पत्र्यालाच जोडला. पाइपाखाली जॅक लावून जीप उचलून पाहिली, तर पत्रा पापडासारखा मोडला. हे हिरमुसून घरी आले. जेवताना माळवदाच्या खांबाकडं पाहत राहिले आणि एकदम म्हणाले, "भिंतीले बांधून चुकलो व. खांबाले बांधा लागते." खांब म्हणजे जीपची चेसिस, सगळी गाडी जिच्यावर उभी असते ती. मग चेसिसला जाड लोखंडाचे टेकू जोडले आणि टेकूंना पाइप. दर खेपेला लाईन जायची, काम अर्धवट राहायचं, आणि हे दुकानासमोर बसून राहायचे. जीप पुन्हा जॅकवर चढली तेव्हा मात्र पत्र्याला सुरकुतीसुद्धा पडली नाही.

वेल्डिंगवाला खूश होऊन म्हणाला, "भाऊ, पायदान मस्त जमलं न!"

"पायदान नोय थे!" हे एवढ्या जोरानं ओरडले की तो बिचारा दचकला.

पण लोकांना कोण सांगणार? गाडीला दाराखाली आडवा पाइप दिसला की पाय आपोआप वर जातो. देवळीच्या बाजारात कुणी पाय ठेवला की हे धावून जायचे. दसऱ्याला अवघी दुनिया बॉनेटला हळदकुंकू वाहते, हे वाकून त्या दोन पाइपांना वाहायचे. मग घरातलं कोण त्यावर पाय देणार? मी बुटकी बाई, पाइपाला न शिवता सीटवर गुडघा टेकवून, साडी सावरत चढायची. "एवढं पायदान असून मी वांदरासारखी चढून राह्यली," असं मी चिडवायची. ते हसायचे नाहीत.

एका पावसाळ्यात शेजारच्या घरची सून अडली. तिला घेऊन जाताना जीप पुन्हा त्याच दगडावर आली. खाली लोखंड कर्रकन घासलं, माझा तर जीवच गेला, आणि गाडी घसरत पलीकडे उतरली. काठावर येताच हे उतरले आणि तिच्या बाजूचं दार उघडून पाहिलं. लावलं. पुन्हा उघडलं. "उघडते न व," म्हणाले, "आता उघडते," आणि दाराला धरून ढसढसा रडायला लागले. मी ओरडले, "अजी, चला न! पोरगी मरून राह्यली!" तेव्हा भानावर आले. पोरगी वाचली, बाळही वाचलं. बारशाला आम्हाला मानानं बोलावलं, हे गेले नाहीत.

पुढे ह्यांनाच दुखणं लागलं. पोटात पाणी व्हायचं, पाय सुजून खांब झालेले. वर्ध्याला न्यायच्या दिवशी पुतण्यानं जीप दारात आणली. ह्यांनी दोनदा पाय उचलला, सीटपर्यंत पोचेना. पुतण्या उचलायला गेला तर हात झटकला.

मीच म्हणाले, "अजी, पायदानावर ठेवा पाय."

ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते माझा खांदा धरून कसेबसे वाकले, पाइपाला हात लावला, तो हात कपाळाला लावला, हळूच म्हणाले, "माय, पाय लागते व." मग त्यावर पाय देऊन चढले.

आठवड्यानं मी परत आले ती पुतण्याबरोबर एकटीच. दवाखान्याच्या फाटकात तो म्हणाला, "काकू, ठेवा न पाय पायदानावर, आता कोण बोलते?"

मी गुडघा टेकवूनच चढले.