डाव्या हाताचा विळा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. विहारात पंचशील म्हणताना चौथ्या ओळीशी, ती खोटं न बोलण्याची, माझा आवाज आपोआप खाली जातो. शेजारी बसणाऱ्याच्या ते कानावर आलं असेल तर असेल, बाकी कोणाला काही ठाऊक नाही. आता तुम्हाला सांगायला बसलोय, तर सुरुवात कुठून करू? बाबांना दिलेल्या वस्तूंपासून करतो. वस्तूंबद्दल बोलणं त्यातल्या त्यात सोपं.

आमच्या घरची एक रीत होती. अशोक विजयादशमीला पांढरे कपडे घालून चांद्याला दीक्षाभूमीवर जायचं आणि निघण्याआधी मुलांनी बाबांच्या हातात काहीतरी नवं ठेवायचं. मी गोंडपिपरीला कचेरीत बाबू, पगारदार मुलगा. मी शाल दिली. भिंतीवरचं घड्याळ दिलं. एकदा थर्मास दिला — थर्मास! धानाच्या बांधीत उभा जन्म काढलेला माणूस, तो थर्मासातला चहा कुठे बसून पिणार? बाबा म्हणायचे, "बेस हाय." मग वस्तू खोक्यासकट लोखंडी पेटीत जायची. मला राग यायचा, पण कोणावर काढणार? मला त्यांच्यासाठी काही निवडताच येत नव्हतं, हे मला कळत होतं.

निवडता यायचं ते सुजाताला. माझी धाकटी बहीण. तिनं मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतल्या, कपडे शिवणाऱ्या एका मुलाशी स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं. आई तेव्हा नव्हतीच. बाबा एकदाच बोलले — "माह्यासाठी ते मेली" — आणि त्यानंतर आमच्या घरात तिचं नाव कोणी घेतलं नाही. मीही नाही.

चार वर्षांनी तिनं मला आष्टीच्या बस स्टँडवर बोलावलं. हातात कापडी पिशवी, पिशवीत पांढरा सदरा. म्हणाली, "दादा, आधी माहं नाव नको सांगू. त्याहिले घालू दे. आवडला त मंग सांग."

बसमध्ये मी सदरा उघडून पाहिला. खिसा उजवीकडे होता. जावयानं घोळ घातला म्हणून मी मनातल्या मनात हसलोसुद्धा.

विजयादशमीला बाबांनी तो घातला. खर्ऱ्याची, घोटलेल्या तंबाखू-सुपारीची, पुडी खिशात टाकायला हात वर नेला — डावा हात — आणि तो सरळ खिशात गेला. बाबा थांबले. पुडी काढली, पुन्हा टाकली. बाबा डेबरे, म्हणजे डावखुरे. सगळं डाव्या हातानं. आयुष्यभर मनगट मुरगाळून ते डावीकडच्या खिशात हात घालत आले होते, आणि मी चाळीस वर्षं समोर बसून ते बघत होतो. बघत होतो? छे. बघितलं तिनं.

"तुले कसं सुचलं रे?" त्यांनी विचारलं.

वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं, खरंच आलं होतं. पण बाबा माझ्याकडे बघत होते — तसं त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. शालीसाठी नाही, घड्याळासाठी नाही, नोकरी लागली तेव्हाही नाही. मी म्हणालो, "सुचलं."

बस, एवढंच. आयत्या बिळात नागोबा म्हणतात ना, तो मी.

इथवर असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण त्याच संध्याकाळी सुजाताचा फोन आला, आणि तिला मी काय सांगितलं? की नाव सांगितलं, बाबांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. का सांगितलं असं? बाबा खूश झाले हे तिला कळलं असतं, तर ती दुसऱ्याच दिवशी दारात उभी राहिली असती. मग सदरा कोणाचा ते निघालंच असतं. मला ती नजर सोडवत नव्हती. ती म्हणाली, "जाऊ दे. पुढच्या साली अजून चांगलं पाहीन."

आणि तिनं पाहिलं. हेच मला सहन होत नाही. आपलं अजून बाबांच्या मनात भरत नाही असं समजून ती दर वर्षी जास्त विचार करत गेली; आणि तिचं प्रत्येक वेळी मनात भरत होतं.

दुसऱ्या वर्षी तिनं विळा धाडला. विळ्याची धार आणि दात उजव्या हाताच्या हिशेबानं असतात, हे तुम्हाला ठाऊक होतं? मला नव्हतं. डाव्या हातात तो धान नीट कापत नाही, ओढतो. तिनं लोहारापुढे बसून उलट्या धारेचा करून घेतला होता. कापणीच्या पहिल्या दिवशी बाबांनी एक मूठ धान कापलं, कडपा खाली ठेवला आणि विळ्याकडे बघत राहिले. मग बांधीतल्या सगळ्या बायामाणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माह्या हाताची खबर माह्या पोराले हाय!" सगळे माझ्याकडे बघून हसले, कौतुकानं. मीही हसलो. काय करणार होतो?

तिसऱ्या वर्षी फोन आला, मोठ्या बटणांचा. बाबांना आकडे दिसेनासे झालेत हे मीच तिला बोलता बोलता सांगितलं होतं. त्यात तिनं एकच नंबर घालून दिला होता, तिचा. दोनचं बटण दाबून धरलं की तिला लागणार. आष्टी ते गोंडपिपरी बसमध्ये मी तो नंबर पुसला आणि तिथे माझा घातला. पुढे बाबा बांधीतून ते बटण दाबायचे, आणि कचेरीत माझ्या खिशातला फोन वाजायचा. तिकडे ती वाट बघत असेल, हे प्रत्येक वेळी मनात यायचं. मी फोन उचलायचो.

मग बाबा आजारी पडले. चांद्याच्या दवाखान्यात होते. एका दुपारी, मी मोसंबी सोलत होतो, आणि ते छताकडे बघत म्हणाले, "सुजीनं एकडाव रुमाल जरी धाडला असता ना, त म्याच गेलो असतो मुलचेऱ्याले."

सांगायचं होतं मला. त्या खाटेवर त्यांच्या अंगात तिचाच सदरा होता! एका वाक्याचं तर काम. पण त्या वाक्यानं माझं सगळंच गेलं असतं, आणि माझ्याकडे दुसरं होतं काय — थर्मास? मी मोसंबीची फोड त्यांच्या तोंडाशी धरली. त्यांनी ती खाल्ली. त्यानंतर पाचव्या दिवशी ते गेले.

सुजाता आली. लोकांनी वाट दिली, कोणी अडवलं नाही. सगळं आटोपल्यावर न्हाणीपाशी भांडी घासता घासता तिनं मला विचारलं, वर न बघता, "दादा, एकडाव तरी माहं नाव काढलं का त्याहिनं?"

मी म्हणालो, "नाई."

तिनं मान हलवली आणि भांडी घासत राहिली.

यंदा विजयादशमीच्या आदल्या दिवशी तिची पिशवी आली, माझ्या नावानं. बाबा नाहीत, आता तूच मोठा, असं फोनवर म्हणाली. आत चपला होत्या. माझा एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड आहे; मी ते कोणाला बोललेलो नाही, बायकोलाही वाटतं की माझी चालच तशी. सुजातानं त्या पायाचा तळ चांभाराकडून उंच करून घेतला होता. कधी पाहिलं तिनं? बस स्टँडवर मी तिच्याकडे चालत जायचो तेव्हा पाहिलं असेल.

"आवडल्या का दादा?" तिनं विचारलं.

"आवडल्या," मी म्हणालो. ती आणखी काही ऐकायला थांबली होती. मी फोन ठेवला.

त्याच घालून मी रोज कचेरीत जातो. चालताना आता कंबर दुखत नाही.