संगिताने इंजिन घरी नेलं

पोत्याचं तोंड सोडलं आणि संगिता राठोडचं डोकं फिरलं. बोटीचं इंजिन शहरातल्या मेकॅनिककडे दोन महिने पडून होतं. परत आलं ते असं, सुट्या तुकड्यांत, खताच्या रिकाम्या पोत्यात. सोबत निरोप होता, भंगारात घाला आणि नवीन घ्या.

तिचा नवरा देविदास पोतं शेळ्यांच्या गोठ्यात टाकून हात धुवायला गेला होता. तांड्याची बोट तोच चालवायचा. कळमनुरी तालुक्यातला हा तांडा धरणाच्या पाण्याला अगदी लागून आहे, आणि निम्म्या लोकांची शेतं पलीकडच्या काठाला. बोटीने वीस मिनिटं लागतात, रस्त्याने बावीस किलोमीटर. कधीकाळी पुराच्या कामासाठी आलेली ही बोट पुढे कुणी परत मागितलीच नाही. इंजिनही तेव्हाचंच.

संगिताने पाण्यात फिरणाऱ्या पंख्याचा दांडा उचलून पाहिला. तिथे पितळेची पिन असायला हवी. पंखा दगडावर आपटला की ती मऊ पिन तुटते आणि आतले गिअर वाचतात. मेकॅनिकने तिथे लोखंडी खिळा ठोकला होता. वरचं जड चाक काढताना त्याने हातोडी घातली होती, त्याचे घाव काठावर स्पष्ट दिसत होते.

"हे कुणी केलं?" तिने विचारलं.

"मला काय ठाऊक," हात पुसत आलेला देविदास म्हणाला. "त्याचं दुकान मोठं आहे."

"हातोडी त्याहून मोठी दिसते."

तिचा बाप लखमा डोंगरकडा गावात फवारणीचे पंप आणि डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. लग्न होईपर्यंत ती त्याच्याजवळ बसूनच वाढली. तो शिकवायचा नाही, फक्त पाना मागायचा. चुकीचा दिला तर काही न बोलता खाली ठेवायचा. सासरी आल्यावर गेल्या सोळा वर्षांत तिने शिलाई मशीन आणि पिठाची गिरणी नीट केली होती, पण ते कुणी कामात धरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने अंगणात ताडपत्री अंथरली. कार्बुरेटरमध्ये शिळ्या पेट्रोलचा डिंक झाला होता. तो तिने दोन दिवस भिजवून सोडवला, आणि बारीक भोकं तार न घालता नुसत्या फुंकरीने मोकळी केली. ठिणगीचे जळके पॉइंट पॉलिश पेपरने घासले. पितळी सळईची पिन कापून बसवली. इंजिनाला गार ठेवणारं पाणी ज्या रबरी चक्रीने वर चढतं, तिच्या पाकळ्या मात्र वाळून तुटल्या होत्या. तिने फोनवरून कोकणातलं बोटींच्या सामानाचं एक दुकान शोधलं.

"घरात माणूस कोणी असेल तर त्याला द्या फोन," दुकानदार म्हणाला.

"माझ्या हातात चक्री आहे," संगिता म्हणाली. "सहा पाकळ्या, मधलं भोक बारा मिलिमीटर. माणसाला विचारून तुम्हाला काय कळणार हाय?"

चक्री तीन आठवड्यांनी आली. इतक्या दिवसांत सासू मिराबाई रोज कुरकुरत होती. भाकरीला पेट्रोलचा वास येतो, शेळ्या अंगणात बसत नाहीत. संगिता काम करत राहायची. तिला मेकॅनिकचा राग होता, दुकानदाराचा होता, आणि अंगणातून जाताना "देविदास, लई मेहनत घेऊन राहिला गड्या" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाचा होता. देविदास नुसता हसायचा. त्या हसण्याचा राग सगळ्यात जास्त होता.

पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये इंजिनाचा पाय सोडून तिने दोरी ओढली. सातव्या ओढीला ते खोकलं, नवव्याला धरलं. अंगणभर निळा धूर झाला आणि बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार सुरू झाली.

देविदासने इंजिन नेलं आणि बोटीला लावलं. तासाभराने तो वल्ही मारत परत आला. जोर दिला की इंजिन दबत होतं, म्हणून त्याने दिसेल तो स्क्रू फिरवला होता. काठावर लोक जमले होते. "माझं थोडं काम बाकी आहे अजून," तो त्यांना म्हणाला. मागे उभ्या संगिताने ते ऐकलं.

ती स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पुढे झाली. "ड्रमात सूर लागत न्हाई. बोट पळताना लावावा लागते. मी मागं बसते."

तांड्याचे नाईक धर्मसिंग काठावरच होते. बोटीवर शब्द त्यांचा. "बाईनं बोट हाकलेली दुसऱ्या तांड्याला कळली तर काय म्हणतील लोक? तू देविदासला सांग, तो करील."

"त्याला सांगितलं होतं, काका."

"मग पुन्हा सांग."

संगिताने पदर खोचला, बोटीत चढली आणि इंजिनाचे दोन्ही पकडस्क्रू सोडायला लागली. कुणाला काही कळेपर्यंत इंजिन बोटीच्या मागच्या फळीवरून उतरलं होतं. ते उचलून एकटीला चिखलातून चालणं जड जात होतं. देविदास आडवा आला, "काय करून राहिलीस?"

तेवढ्यात मिराबाई गर्दीतून पुढे आली. "सर," ती पोराला म्हणाली, आणि इंजिनाची दुसरी बाजू धरली. "महिनाभर माझ्या घरात घाण केली हिनं. आता फुकट जाऊ देऊ व्हय?"

सासू-सुनेने ते घरी नेलं. नंतरचे सहा दिवस बोट वल्ह्यांवर चालली. वारा उलटा असला की दीड तास लागायचा. दोनदा लोक अर्ध्यातून परतले. संगिताने इंजिन घरातून हलवलं नाही.

सातव्या दिवशी सकाळी धर्मसिंग अंगणात आले. बसा म्हटल्यावरही उभेच राहिले. "चल, बस मागं," एवढंच बोलले.

इंजिन पुन्हा बोटीला लागलं. बोटीत तिघंच होते. मध्ये धर्मसिंग, पुढच्या टोकाला देविदास, मागे संगिता. भर पाण्यात आल्यावर तिने पूर्ण जोर दिला आणि कार्बुरेटरचा स्क्रू पाव पाव आट्याने फिरवत गेली. आत नेला की इंजिन अडखळायचं, बाहेर काढला की जड व्हायचं. मधली जागा सापडली तेव्हा बोटीचं नाक वर उचललं गेलं. इंजिन थांबवून तिने प्लग काढून पाहिला. काळा नाही, पांढरा नाही, कॉफीच्या रंगाचा, म्हणजे पेट्रोल बरोबर जळत होतं. तिने तो परत बसवला आणि इंजिन पुन्हा सुरू केलं.

धर्मसिंगांचा फोन वाजला. "हाव, चालू झालं," ते मोठ्याने म्हणाले. "आमच्या देविदासनं केलं नीट."

संगिताने इंजिन बंद केलं.

वाऱ्याने बोट हळूहळू आडवी झाली. "काय झालं?" धर्मसिंगांनी विचारलं.

"देविदासला सांगा. तो करील चालू."

देविदासने बायकोकडे पाहिलं, मग पाण्याकडे. "मला येत न्हाई, काका," शेवटी तो म्हणाला. "मी काहीच केलं न्हाई. सगळं हिनं केलं. मला पहिल्याच दिवशी बोलायला पाह्यजे होतं."

फोन अजून चालूच होता. धर्मसिंगांनी तो कानाला लावला. "देविदासनं न्हाई," ते म्हणाले. "सुनेनं केलं. लखमाच्या पोरीनं."

तिचं नाव त्यांनी तरीही घेतलं नाही. संगिताच्या ते लक्षात आलं. तिने दोरी ओढली, बोट वळवली आणि काठाला लावेपर्यंत कुणाकडेच पाहिलं नाही.

आता आठवड्यातल्या दोन खेपा तीच करते. देविदास शिकतोय, इंजिनाचं काय बिघडलं ते आवाजावरून ओळखायचा प्रयत्न करतो आणि बरेचदा चुकतो. मग ती त्याच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर काढून घेते, जरा जोरातच.