खळीखाली गेलेले कागद

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. जवाई, म्हणजे बहिणीचे यजमान, होते तोवर हिंमत झाली नाही. ते गेल्यावर वाटलं, आता कशाला. पण बहीण अजून आहे, आणि झालेलं सारं तिच्याच माथी बसलं आहे.

अमरावतीला माझं बाइंडिंगचं दुकान होतं. धाकटी बहीण अकोल्यात दिली होती. जवाई लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि सीझन सरला की रद्दीच्या दुकानांतून चित्रांची पुस्तकं हुडकायचे. परदेशी चित्रकारांची, कॉमिक्स, कधी न पाहिलेल्या वाद्यांची. मग एखादं पुस्तक समोर उघडं ठेवून काहीतरी विचित्रच वाजवत बसायचे. त्याला ना चाल, ना ठेका. बहीण आतून ओरडायची, "दम घ्या आता, नाही तं जीव जाईन!" मी हसायचो. जवळ जाऊन ते काय बघून वाजवतात, हे मात्र कधी पाहिलं नाही.

एकदा त्यांनी ती पुस्तकं चादरीत बांधून एसटीनं माझ्याकडे आणली. पानं सुटली होती. "भाऊ, जिवापाड जपा," म्हणाले. मी म्हटलं, "माह्या दुकानातून आजवर चिटोरं हरवलं नाही."

शिवणीआधी पुस्तक झाडून घ्यायचं, ही आमची रीत. आत लोकांची तिकिटं, सुकलेली फुलं, काय काय निघतं. त्या पुस्तकांतून पातळ बटर पेपर निघाले, पिवळे पडलेले. जुन्या पुस्तकांत चित्रावर असा कागद असतोच. तो फाटका असला की आम्ही काढून टाकतो. या कागदांवर पेन्सिलीचे ठिपके आणि वळसे होते. मला वाटलं, पोरांच्या रेघोट्या. पुठ्ठ्याला मैद्याची खळ लावताना खाली रद्दी अंथरतात, तसे ते अंथरले. कामाच्या शेवटी चिकट गोळा करून फेकले.

पुस्तकं न्यायला आले तेव्हा जवाईंनी आधी शिलाई पाहिली नाही. पानं चाळली.

"भाऊ, यातले कागद कुठी गेले?"

"कोनते कागद?"

मग त्यांनी सांगितलं. प्रत्येक चित्राचा आवाज त्यांनी ठिपक्या-वळशांनी त्या कागदावर काढला होता. कागद चित्रावर ठेवायचा आणि वाजवायचं. त्यातले काही लग्नाआधीचे होते.

मला खळीखालची रद्दी आठवली. त्याच वेळी सांगता आलं असतं. मी म्हणालो, "जवाई, मले तं नाही दिसले. घरीच राहिले असतीन."

घरी कोण होतं? बहीण. ती त्या पुस्तकांवर नेहमी चिडायची. "चित्राले आवाज असते म्हने! तेलाचा डबा रिकामा वाजते, तो नाही आयकू येत यायले." जवाईंना दुसरा पुरावा लागला नाही. त्यांनी पुस्तकं पेटीत घातली, कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. नवा कागद कधी काढला नाही. पाहुण्यांसमोर म्हणायचे, "हिच्या हाती कागद देऊ नका, चूल पेटवते." सगळे हसायचे. मीही एकदा हसलो होतो.

मागच्या महिन्यात अकोल्याला गेलो. आता पेटी उघडीच असते. भाचीची पोरं कॉमिक्स काढतात, पसारा करतात, कुणी रागवत नाही. जेवताना बहीण एकदम म्हणाली, "दादा, ते कागद म्याच फेकले असतीन का रे? मले तं आठवत नाही. पन ते जाईपर्यंत म्हनत होते. मंग फेकलेच असतीन."

आधी ती भांडायची. शपथा घ्यायची. आता तिनं मानून घेतलं होतं.

ती वाट पाहत होती. मी म्हणालो, "जुनी गोष्ट आहे, सोड." तिनं मान हलवली आणि माझ्या ताटात आणखी भाजी वाढली.

बोलायचं होतं ते एवढंच: बाई, तू नाही फेकले. म्या फेकले, आन् खोटंबी मीच बोललो. मले माफ कर.